कोल्हापूरहून नाशिकच्या वाइन पट्ट्यात एक दिवस: काय खाल्लं, काय बघितलं, आणि आमच्या आबांचं काय झालं

रंकाळ्याची हवा
खूप दिवस लिहायचं राहून जात होतं, आज बसलेच. फेब्रुवारीत आम्ही पाच जण नाशिकला जाऊन आलो, मी, मिस्टर, भाऊ, वहिनी आणि आमचे आबा. आबांचं वय ७१, शिरोळ तालुक्यात ऊस, आणि आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. त्यांना न्यायचं का नाही यावर घरात चार दिवस खल चालला होता, शेवटी आईच म्हणाली न्या की, माणसाला बागा बघायची हौस आहे, बाटलीकडं बघू नका म्हणावं.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. साधारण साडेचारशे किलोमीटर धरा, आणि सातारा-कागल रस्त्याचं काम चालू असल्यानं पुण्यापर्यंतच जीव मेटाकुटीला आला, पुढं चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. नारायणगाव लागलं तेव्हा भाऊ म्हणाला महाराष्ट्रातली वाइन खरी इथनं सुरू झाली, ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रानं केलेली फेसाळती वाइन इथनं परदेशात जायची. मला तोपर्यंत वाटायचं सगळं नाशिकलाच सुरू झालं.

शनिवार हा खरा दिवस. सकाळी सातला गंगापूर रोडला चुलीवरची मिसळ खाल्ली. मिसळीवर नंतर लिहिते, नाहीतर इथं भांडणं लागतील. तिथनं सरळ सुला वायनरीला, म्हणजे वाइनच्या कारखान्याला गेलो. मुद्दाम सकाळची टूर घेतली होती आणि हा आमचा सगळ्यात चांगला निर्णय ठरला कारण ऊन चढायच्या आत बाग बघून झाली. १९९७ मध्ये राजीव सामंतांनी अमेरिकेतनं परत येऊन तिथं घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली, हे टूरवाल्या पोरीनं सांगितलं. आता तिथं आजूबाजूला सगळ्या वायनऱ्या झाल्यात.

आता आबांचं सांगते. बागेत शिरताना ते मागं मागं होते, टोपी सारखी करत. त्या पोरीनं एक मणी तोडून दिला, म्हणाली खाऊन बघा. आबांनी तोंडात टाकला आणि थांबलेच. बारका मणी, जाड साल, आत बिया, पण गोड म्हणजे काय गोड! आपण बाजारातनं आणतो ती सोनाका, थॉमसन त्याच्यापुढं पाणीदार लागतात. मग तिनं खिशातनं ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र काढलं. आबा एकदम पुढं झाले, "हे आमच्याकडं उसाला लावतात की." तिलाही आश्चर्य वाटलं, तिनं ते त्यांच्याच हातात दिलं. आबांनी काचेवर रस पिळला, उजेडाकडं धरलं, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले "तेवीस". उसाचा रस वीस-एकवीसला आला की आमच्याकडं तोड घ्या म्हणतात, इथं तेवीस! त्यानंतर आबांना मागं खेचायला लागलं. तिथं दिंडोरीकडचे एक मामा काम करत होते, त्यांच्यापाशी जाऊन उभेच राहिले. छाटणी कधी, पाणी किती, भुरीचा रोग येतो का, डावणी कसा आवरता. मामांनी सांगितलं की थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडं झोपतच नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटायचा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरला की गोडी छाटणी, म्हणजे माल कोरड्या थंडीत पिकतो. रात्री गार आणि दिवसा ऊन, त्यामुळं गोडी पण चढते आणि आंबटपणाही टिकतो. वीस मिनिटं दोघं बोलत होते, टूर पुढं निघून गेली तरी.

आत गेल्यावर स्टीलच्या टाक्या, हात लावला तर गार. पांढऱ्या वाइनला द्राक्षं आधी दाबून नुसता रस आंबवतात, लाल वाइनला सालीसकट, कारण काळ्या द्राक्षाच्याही आतला गर पांढराच असतो आणि रंग सगळा सालीत. हे मला माहीतच नव्हतं. आबा टाकीपाशी नाक वर करून उभे राहिले आणि म्हणाले "गुऱ्हाळावर काकवी सांडून दोन दिवस राहिली की असाच वास." अगदी बरोबर होतं ते.

मग टेस्टिंग. आबांनी घेतली नाही, आम्हीही आग्रह केला नाही. पण ग्लास हातात घेऊन फिरवायला शिकले आणि प्रत्येकाचा वास घेतला. सॉव्हिन्यॉ ब्लाँचा वास घेऊन म्हणाले "ह्यात पेरू हाय." शिकवणारा पोरगा हसला नाही, तो म्हणाला बाबा, बरोबर, या द्राक्षाची ओळखच ती, पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची. आबांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही.

दुपारी तिथंच जेवलो. पिझ्झा चांगला होता, पण पाच कोल्हापूरकरांना दुपारी पिझ्झा म्हणजे नाश्ता. संध्याकाळी यॉर्क वायनरीला गेलो, जवळच आहे, वर बसायला जागा आणि समोर गंगापूर धरणाचं पाणी. तिथं आम्ही फक्त एकेक ग्लास घेऊन दोन तास बसलो, चीज आणि थोडं खायला मागवलं. सूर्य पाण्यात गेला तेव्हा आबा म्हणाले राधानगरीसारखं दिसतंय.

माझं ठाम मत झालंय की दिवसाला दोनच वायनऱ्या. आमच्या ओळखीतले एक कुटुंब एका दिवसात पाच करून आलं, त्यांना एकीचंही धड आठवत नाही, नुसते फोटो. सकाळी एक नीट बघायची, शिकायचं, दुपारी पोटभर जेवायचं, संध्याकाळी दुसरीकडं नुसतं बसायचं.

बावडा मिसळ
ताई लै भारी लिहिलंय. आबांना नमस्कार सांगा. पण मिसळीचं काय ते सांगून टाका, नाद करू नका.

रंकाळ्याची हवा
सांगते. नाशिकची मिसळ वेगळी आहे, वाईट नाही. रस्सा काळ्या मसाल्याचा, सोबत पापड, दही आणि पाव. आपल्यासारखा लालभडक कट आणि ब्रेडच्या स्लाइस नाहीत. आपल्या मिसळीत पहिल्या घासाला नाकातनं पाणी येतं, तिथं मसाला हळूहळू मागनं येतो. मिस्टरांनी तीन वेळा रस्सा मागितला. चुलीचा धुराचा वास त्या रश्शाला लागतो तो मला फार आवडला. पण रोज खायची म्हटलं तर मी आपल्या गावचीच खाईन.

नाशिकची सून
माहेर राजारामपुरी, सासर नाशिक, त्यामुळं मला दोन्हीकडनं बोलायचा हक्क आहे 😊 मिसळ खाल्ली ते बरं केलं पण उलटा वडापाव खाल्ला का? पावात बटाट्याची भाजी भरून अख्खा पाव पिठात बुडवून तळतात. आणि कोंडाजीचा चिवडा न घेता परत गेला असाल तर पुन्हा यायला लागेल.

दोन गोष्टी जोडते. एक म्हणजे हंगाम. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च तोडतात, तेव्हा आलात तर घड वेलावर दिसतात आणि टाक्या चालू असतात. पावसाळ्यात पण सुंदर असतं, सगळं हिरवं, गंगापूर भरलेलं, पण द्राक्षं नसतात, लोक येतात आणि विचारतात घड कुठंयत. दुसरं म्हणजे रविवारी येऊ नका. मुंबईची निम्मी गर्दी आलेली असते. आम्ही एकदा बुकिंग न करता पाहुण्यांना घेऊन एका ठिकाणी गेलो, दीड तास टेबल मिळालं नाही, मिळालं तेव्हा जेवण पाऊण तासानं आलं आणि बरोबरच्या लहान पोराचे हाल झाले. नाव घेत नाही, गर्दीच्या दिवशी कुठंही होईल तसं. आणि २६ जानेवारीची सुट्टी जोडून यायचं ठरवणाऱ्यांनो, तो ड्राय डे असतो, बाग बघाल पण चाखायला मिळणार नाही.

वेळ असेल तर सकाळी नांदूर मध्यमेश्वरला जा, निफाड तालुक्यात. थंडीत पक्षी इतके असतात की पाणी दिसत नाही. २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं.

शाहूपुरी ५वी गल्ली
चांगला धागा. एकच विचारतो, गाडी कोण चालवत होतं? कारण टेस्टिंगचे चार-पाच घोट म्हणून लोक लाइटली घेतात. कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती लवकर गाठली जाते. पहिल्या वेळी पकडलं तरी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. माझ्या मित्राचा भाऊ असाच परत येताना डिव्हायडरला धडकला, पाय अजून नीट नाही.

रंकाळ्याची हवा
फार महत्त्वाचं बोललात. आम्ही आपली गाडी हॉटेलवर ठेवली आणि शनिवारी दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवली. पाच जणांत खर्च विभागला तर फार नाही. वायनऱ्या शहराबाहेर आहेत, संध्याकाळी ॲपवर गाडी मिळेलच असं नाही, म्हणून सकाळीच पूर्ण दिवसाची ठरवा. आणि २१ पूर्ण नसलेल्यांना वाइन देत नाहीत, कॉलेजच्या पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

पंचगंगाकाठ
एवढं लांब कशाला जाताय लोकहो, अकलूज आहे की. फ्रातेल्ली वायनरी तिथलीच. आपल्याकडनं पंढरपूरच्या बाजूनं जायचं, नाशिकच्या साधारण निम्मंच अंतर. २००७ साली अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांनी मिळून काढली, फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. त्यांच्याकडं सांजोव्हेझे नावाचं इटलीचं द्राक्ष लावलंय, त्याची आणि कॅबर्नेची मिळून 'सेत्ते' करतात. आधी कळवून जा, नाशिकसारखं उठून गेलं आणि शिरलं असं नाही. पण शांत आहे. परतताना पंढरपूरला दर्शन, घरच्या मोठ्यांची पण तक्रार राहत नाही.

तासगावकर
हे सगळं वाचताना बरं वाटलं आणि थोडं दुखलंही, म्हणून लिहितोय. २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं तेव्हा नाशिककडं विंचूरला वाइन पार्क झालं तसं आमच्या सांगली जिल्ह्यात पलूसलाही झालं. आम्हाला वाटलं आता आपल्याकडंही नाशिक होणार. आमच्या घरी दोन एकर थॉमसन काढून शिराझ लावलं. पहिली दोन-तीन वर्षं माल गेला. मग २००९ च्या आसपास वाइनची मागणी बसली, ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही, आणि ही द्राक्षं मंडईत कोण घेणार? बारका मणी, बिया, खायला गिऱ्हाईक नाही, बेदाणा होत नाही. वडिलांनी उभी बाग कुऱ्हाडीनं काढली. मी तेव्हा बारावीत होतो. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

आता पुन्हा खायच्या द्राक्षांवर आणि बेदाण्यावर आहोत आणि बरं चाललंय. पण आबा तो मणी खाऊन थांबले असं तुम्ही लिहिलंत ना, तसा मणी आमच्या बागेत पिकत होता. वाइनच्या द्राक्षाला जीएचं, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाचं डिपिंग करत नाहीत, मणी फुगवायचाच नसतो, एका वेलावर घडही कमी ठेवतात, त्यामुळं सगळी ताकद त्या बारक्या मण्यात उतरते. लोकांनी वाइन प्यावी न प्यावी, पण हे शेतकऱ्याचं काम आहे एवढं बघून यावं असं वाटतं.

रंकाळ्याची हवा
दादा, वाचून गलबललं. आबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले "उभी बाग काढणं म्हंजे..." आणि पुढं बोलले नाहीत.

उसाचा फड
ब्रिक्सचं वाचून राहवलं नाही, मी कारखान्यात लॅबला होतो. आबांसाठी सोपा हिशोब सांगतो. यीस्ट रसातली साखर खातं आणि अल्कोहोल करतं. ढोबळ मानानं ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ नं गुणायचं, म्हणजे २३ ब्रिक्सची वाइन पूर्ण आंबवली तर १३ टक्क्यांच्या आसपास. जी वाइन गोड लागते तिच्यात एकतर आंबणं मध्येच थांबवून साखर राखलेली असते, नाहीतर द्राक्षंच सुकवून रस दाट केलेला असतो. कावनईला व्हॅलोने म्हणून वायनरी आहे, तिथं शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं सुकवून अशी गोड वाइन करतात, मी चाखलीय, बेदाणा आणि मधाच्या मध्ये कुठंतरी लागते. उसात आपण साखर वाचवायला धडपडतो, ऊस तोडून पडला की साखरेची रिकव्हरी खाली येते म्हणून रात्री-अपरात्री गाड्या पळवतो. इथं तीच साखर मुद्दाम यीस्टच्या तोंडी द्यायची. घाई मात्र तिथंही तीच, तोडलेला माल उन्हात राहिला की गेला, म्हणून पहाटे तोडतात.

जोतिबाचा गुलाल
मला पटत नाही हे. शेवटी दारू ती दारूच, द्राक्षाची असो नाहीतर कशाची. घरच्या म्हाताऱ्या माणसाला असल्या ठिकाणी न्यायचं आणि त्याचं कौतुक लिहायचं. माझ्या मामाचं घर दारूनं उद्ध्वस्त झालेलं मी बघितलंय.

रंकाळ्याची हवा
तुमचा राग मला कळतो आणि तुमच्या मामांबद्दल खरंच वाईट वाटतं. आमच्या घरातही एक काका गेलेत त्यापायी, म्हणूनच आबा शिवत नाहीत. मी कुणाला प्या म्हणत नाहीये. वाइनमध्येही अल्कोहोल आहे, ज्याला सुटत नाही त्याला वाइनही सुटणार नाही, हे मला मान्य आहे. पण आबांनी तिथं न पिता जो दिवस घालवला तो मी गेल्या दहा वर्षांत त्यांचा बघितला नव्हता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते कुठं बाहेर पडले नव्हते. न पिणाऱ्याला तिथं द्राक्षाचा रस मिळतो, बाग बघायला मिळते, कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही.

बावडा मिसळ
आता मेन प्रश्न. तांबड्या-पांढऱ्याबरोबर काय चालतं? भावानं पुण्याहनं रेड वाइन आणलेली, तांबड्या रश्श्याबरोबर घेतली तर तोंडात नुसती आग, वर तुरट.

रंकाळ्याची हवा
लाल वाइनच्या सालीतला तुरटपणा आणि तिखट एकत्र आलं की दोन्ही भडकतं, अल्कोहोलनं तिखट अजून चढतं. आम्हालाही टेस्टिंगच्या पोरानं हेच सांगितलं, कोल्हापूर म्हटल्यावर तो लगेच म्हणाला शेनिन ब्लाँ घ्या, थोडी गोडसर आणि गार. आम्ही दोन बाटल्या आणल्या. येताना गाडीत डिकीत न ठेवता सीटखाली ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या कारण बंद गाडीत उन्हात वाइन शिजते, आणि बिलं जवळ ठेवली. मागच्या रविवारी मटण केलं. पांढऱ्या रश्श्याबरोबर ती शेनिन इतकी जमली की वहिनी म्हणाली हे आधी कुणी कसं सांगितलं नाही. नारळाचं दूध, काजू, खसखस, त्याचा स्निग्धपणा आणि वाइनचा आंबटपणा, एक घोट घेतला की जीभ धुवून निघते, पुढचा घोट रश्श्याचा नव्यानं लागतो. तांबड्याबरोबर मात्र नुसती बरी, भारी नाही. तांबड्याला पुढच्या वेळी झिनफंडेलची गुलाबी वाइन बघणार आहे. सुक्या मटणाला, मसाला कमी असेल तर, शिराझ चालेल असं मिस्टरांचं म्हणणं, माझा विश्वास नाही.

नाशिकची सून
शेनिन उघडली की दोन-तीन दिवसांत संपवा, फ्रीजमध्येच ठेवा. आणि जपून ठेवायच्या भानगडीत पडू नका, पाच वर्षांनी लेकीच्या लग्नात काढू असं म्हणून पांढरी वाइन ठेवणारे आमच्याकडं आहेत. ती ताजी असतानाच प्यायची असते. पांढऱ्या रश्श्याचं वाचून माहेरची आठवण आली, इथं मिळतो तो खरा नव्हे.

तासगावकर
ताई, एक विचारायचं होतं. आमच्याकडं दसऱ्याच्या आसपास गोडी छाटण्या सुरू होतात. आबांना बाग बघायची असेल तर नाशिकपर्यंत जायला नको, शिरोळहनं आमचं गाव किती लांब आहे? घेऊन या. कात्री त्यांच्या हातात देतो, एक ओळ त्यांनी छाटायची. बेदाण्याची शेड पण दाखवतो.

रंकाळ्याची हवा
आत्ता विचारलं त्यांना. आधी म्हणाले उगं लोकांना त्रास कशाला. मग आत गेले, पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले उसाच्या पूर्वहंगामी लागणीच्या आधी जाऊन येऊ, त्यांना विचार काडीवर डोळे किती ठेवायचे, माझ्या हातनं चुकायला नको.